करड्या रंगातली चंद्रिका

पेरांबूर, मद्रास
१६ ऑगस्ट १९६५

रत्नाकरभाऊजी, नमस्कार.

तुमच्या मित्रानं लिहायचं पत्र नेहमीसारखं मीच लिहिते आहे. ह्यांना पेन धरायचा कंटाळा. रविवारी पहाटे उठून रोयापुरमच्या किनाऱ्यावर जायचं, तुमच्या त्या मोटारबोटीला चोळूनमोळून न्हाऊ घालायचं, तिच्या पितळेला चिंच लावून ती लखलखीत करायची, याचा मात्र कंटाळा नाही. घरातली समई काळी ठिक्कर पडली आहे, तिला कुणी विचारत नाही.

तुम्ही दोघांनी मिळून बांधलीत ती. रेल्वेच्या वर्कशॉपमधून सुटलात की तडक तिकडे, अशी चार वर्षं काढलीत. सागवानी फळ्या काय, जुन्या लॉरीचं इंजिन काय, आणि नाव कोणतं, तर चंद्रिका! शेजारच्या तंजावरच्या सईबाई अजून मला विचारतात, "कोण ग अम्मा ती चंद्रिका?" मी काय सांगू, कपाळ? लग्नाची बायको घरात होती, तिचं नाव दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. तुमची इटारसीला बदली झाली तेव्हा मला वाटलं, चला, निम्मं वेड गेलं. कसलं काय! तुमच्या वाटणीचं वेडही आता हेच सांभाळतात. खरं सांगते भाऊजी, सवत म्हणतात ती अशीच असणार. निदान सवतीशी भांडता तरी येतं. ही मेली पाण्यात डुलत उभी असते आणि हे तिच्याकडे बघत असतात.

आता गंमत ऐका. मला दिवस गेल्याचं मागे कळवलंच होतं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर देवानं आमच्याकडे पाहिलं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ठरलं, तर इथल्या मराठी मंडळातल्या बायका विचारायला लागल्या, झोपाळ्यातलं करायचं, चांदण्यातलं करायचं की नावेतलं? नावेतलं म्हणजे पाटाभोवती पुठ्ठ्याची होडी उभी करतात आणि बाईला तिच्यात बसवून ओटी भरतात, तुम्ही गावी पाहिलं असेल. हे लगेच म्हणाले, "पुठ्ठ्याची कशाला? आपली खरी आहे की!"

म्हणजे जिच्यावर मी आजवर पाय ठेवला नाही, तिच्यातच हिरवी साडी नेसून, फुलांच्या वाड्या लेवून बसायचं! मी आधी साफ नाही म्हटलं. मग विचार केला, एक दिवस तरी ती माझ्यासाठी सजेल. हो म्हटलं. पितृपंधरवडा लागायच्या आत उरकायचं म्हणून ९ सप्टेंबरचा गुरुवार धरला आहे. तुम्ही यायलाच हवं. नारळीभात करणार आहे.

तुमच्यासाठी मुलगी बघणं मी सोडलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

सौ. सुनीती


इटारसी
२३ ऑगस्ट १९६५

सुनीतीवहिनी, सादर प्रणाम.

नारळीभाताचं नाव काढून माझा सूड उगवलात. रजा नाही. इथल्या डिझेल शेडमध्ये माणसं कमी आणि इंजिनं फार. समुद्राचं म्हणाल तर पाणी फक्त नळाला येतं, तेही सकाळी, तेही भांडून.

तुम्ही तिला सवत म्हणता. मग माझी ती कोण हो? मी वाढवली आणि नांदायला त्याच्याकडे गेली. वहिनी, तुमच्यापाशी लपवत नाही, मी जळतो उमाकांतवर. आज नाही, पहिल्यापासून. तळाच्या फळ्या तासल्या मी. इंजिन भंगारातून हुडकून आणून बसवलं मी. नाव पिवळ्या रंगात रंगवलं तेही मीच, आणि ज्या दिवशी चंद्रिका पाण्यात उतरली त्या दिवशी हा पांढरी टोपी घालून सुकाणूवर जाऊन बसला. मी खाली, तेलात आणि धुरात. किनाऱ्यावरची माणसं हात हलवायची, ती त्याला. कोळ्यांची पोरं "कॅप्टन, कॅप्टन" ओरडायची, ती त्याला. मी घाम पुसत वर यायचो तोवर धक्का आलेला असायचा.

एक मात्र केलं. इंजिनाला त्याला कधी हात लावू दिला नाही. "खाली वाकलास तर बघ," असा दम दिला होता. तोही बिचारा वाकला नाही. आता एकटा काय करतो देव जाणे. सकाळच्या गारव्यात अडयार नदीच्या तोंडापर्यंत जाऊन येत असेल, तेवढ्याला काही अक्कल लागत नाही.

बायको त्याला, समुद्र त्याला, बोट त्याला, आता मूलही त्याला. मला काय, तर इटारसी. असो. तुमचं डोहाळजेवण थाटात होवो. आणि मुलगी बघू नका, या गावात आणून तिचे हाल कशाला?

रत्नाकर


पेरांबूर, मद्रास
११ सप्टेंबर १९६५

भाऊजी, नमस्कार.

डोहाळजेवण झालं नाही. तुमच्या चंद्रिकेला नौदलानं नेलं.

लढाई सुरू झाल्याचं तुम्हालाही कळलंच असेल. इथे संध्याकाळी दिवे घालवतात, खिडक्यांना काळे कागद लावले आहेत. मंगळवारी एक साहेब आले, लेफ्टनंट राजगोपाल म्हणून. वयानं लहान, बोलायला गोड. बंदराच्या तोंडाशी पहारा ठेवायला लहान, वेगानं जाणाऱ्या बोटी कमी पडतात, म्हणून खाजगी बोटी लढाईपुरत्या मागून घेताहेत म्हणाले. हे उभ्या उभ्या हो म्हणाले. मी आत मुरमुऱ्याचे लाडू वळत होते, माझ्या डोहाळजेवणाचे. मला विचारलंसुद्धा नाही.

दोन दिवसांत तिला नखशिखान्त करडा रंग फासला. तुमची पिवळी अक्षरं गेली. आता तिला नाव नाही, नुसता आकडा आहे. पुढे बंदूक बसवली आहे आणि चार खलाशी. तुम्हाला वाईट वाटेल, पण मी खोटं बोलणार नाही. हे सांगायला आले तेव्हा माझ्या मनात गारगार वाटलं. डोहाळजेवण बुडालं तर बुडालं. आता पंधरवडा लागला, पुढे आठवा महिना, म्हणजे हुकलं ते हुकलंच. पण सवत गेली! विधवेसारखी करड्या लुगड्यात गेली! मी देवापुढे साखर ठेवली. असं मनात आणलं म्हणून देवानं माझे कान उपटले असणार, कारण त्याच संध्याकाळी हे पिशवी भरायला लागले.

साहेब म्हणाले होते, बोट ओळखणारा एक माणूस काही दिवस सोबत लागेल. तुमचा मित्र वर्कशॉपमध्ये रजा टाकून मोकळा! आता दोन दिवस समुद्रावर आणि एक दिवस घरी. घरी म्हणजे काय, तर ताटावर बसून तिचंच गुणगान. "सुनीती, करड्या रंगात ती काय दिसते म्हणून सांगू!" मी अशी पोट घेऊन समोर वाढते आहे, पाय सुजले आहेत, मी कशी दिसते ते एकदा तरी विचारा की. सईबाई काल म्हणाल्या, "नवऱ्याला कप्पलवर धाडून तू कशी ग बसलीस अम्मा?" कप्पल म्हणजे जहाज. मी हसले आणि आत जाऊन रडले.

माहेर दोन दिवसांच्या रेल्वेवर. बाळंतपण नोव्हेंबरात. ह्यांना काही झालं तर मी कुठे जाऊ?

सौ. सुनीती


इटारसी
१४ सप्टेंबर १९६५

वहिनी, प्रणाम.

तुमचं पत्र उभ्यानं वाचलं आणि तसाच शेडबाहेर जाऊन बसलो. फोरमन विचारत होता, घरी कुणी गेलं का?

खाकी कपडे मिळाले का हो त्याला? टोपी? खलाशी त्याला सलाम करतात का? तुम्ही यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि मला दुसरं काही सुचत नाही. शाळेत असताना वेंगुर्ल्याच्या बंदरावर आम्ही दोघं एक लढाऊ जहाज बघायला गेलो होतो. "मी नौदलात जाणार," असं त्या दिवशी म्हणालो ते मी! हा म्हणाला होता, "मला बाबा उलटी होते." आणि आज बंदुकीच्या बोटीवर कोण, तर हा! माझ्या बोटीवर! माझ्या इंजिनाच्या डोक्यावर पाय देऊन!

इथून रोज सैनिकांच्या गाड्या जातात. बायका फलाटावर पुऱ्या घेऊन उभ्या असतात. मी इंजिनं तपासून देतो. गार्ड हात हलवतो आणि गाडी जाते. मी तिथेच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. लढाईतसुद्धा मला कुणी बोलावलं नाही.

तुम्ही घाबरू नका. तो बंदराच्या तोंडाशीच आहे, लाहोरला नाही. त्याचं दैव नेहमी बलवत्तर असतं. जे काही वाईट व्हायचं ते आजवर माझ्याच बाबतीत झालं आहे.

रत्नाकर


पेरांबूर, मद्रास
१७ सप्टेंबर १९६५

भाऊजी, नमस्कार.

हे पत्र दोन भागांत आहे. पहिला भाग ह्यांचा. मला समोर बसवून सांगितलं, असं असं लिही. तसं लिहिते.

चंद्रिकेचं इंजिन दुपारी दगा देतं. सकाळी छान चालतं. बारा-एकच्या उन्हात बराच वेळ चाललं की खोकतं आणि गप्प बसतं. तासाभरानं आपसूक सुरू होतं. नौदलाच्या माणसांनी कार्बुरेटर खोलून पाहिला, पण धक्क्याला आणेपर्यंत ते थंड होतं आणि मुकाट्यानं चालतं, त्यामुळे दुखणं सापडत नाही. तुम्ही असताना असं कधी झालं नव्हतं. तुम्ही काय करत होतात, ते लिहा. उत्तर वेगळ्या कागदावर, इंग्रजीत, नीट अक्षरात, खाली सही आणि हुद्दा घालून पाठवा. साहेबांना दाखवायचं आहे. लवकर पाठवा.

झाला ह्यांचा भाग. बघितलीत साहेबी? शाळासोबत्याच्या साध्या उत्तराला आता सही आणि हुद्दा लागतो!

आता माझा भाग. हे पाणी प्यायला आत गेलेत, तोवर लिहून घेते. साहेब वैतागले आहेत. इंजिन असंच अडत राहिलं तर बोट परत करू, असं त्यांनी बोलून दाखवलं. बोट परत म्हणजे हे परत. भाऊजी, तुम्हाला माझी शपथ आहे, उत्तर माहीत असलं तरी लिहू नका. आठवत नाही म्हणा. इंजिन पहिल्यापासून खोडीलच होतं म्हणा. तुमच्या एका ओळीनं माझा नवरा घरी येईल. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

देशाचं काम आहे हे मला कळतं. पण देशाकडे बोटी पुष्कळ असतील. माझ्याकडे एकच माणूस आहे, आणि तोही तिनं पळवला आहे.

ह्यांची चाहूल लागली. बंद करते.

सौ. सुनीती


इटारसी
१९ सप्टेंबर १९६५

वहिनी, प्रणाम.

सोबतचा इंग्रजी कागद उमाकांतला द्या. त्यात लिहिलं आहे की मी काय करत असे ते मला आठवत नाही, इंजिन जुनं आहे आणि त्यावर विसंबू नये. खाली सही केली आहे. हुद्दाही घातला आहे, होऊ द्या त्याच्या मनासारखं.

हे दुसरं पत्र फक्त तुमच्यासाठी. मला सगळं आठवतं. न आठवायला काय झालं? पेट्रोलची नळी इंजिनाच्या अंगाला चिकटून जाते. उन्हात ती तापली की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन गुदमरतं. गोणपाट भिजवून नळीवर गुंडाळायचं, सुकलं की पुन्हा भिजवायचं. बस्स, एवढंच. वर बसून हा माणसांना हात हलवत असायचा तेव्हा खाली मी हेच करत असायचो. एकदाही विचारलं नाही त्यानं, की रत्ना, खाली काय करतोस? त्याला वाटायचं, इंजिन आपोआप चालतं.

मी तुमच्या शपथेसाठी हे केलं, असा गैरसमज करून घेऊ नका. तुमचं पत्र आलं नसतं तरी मी बहुतेक हेच केलं असतं. सही आणि हुद्दा! म्हणजे माझी अक्कल साहेबापुढे ठेवायची आणि शाबासकी घ्यायची ह्यानं. टोपी त्याची, सलाम त्याला, आणि गोणपाट माझं. नाही द्यायचं मला. आज रात्री पहिल्यांदा शांत झोप लागेल.

बोट परत आली की तो घरी येईल, आणि ती उभी राहील रोयापुरमच्या वाळूत. कुणालाच नको. त्यातच मला बरं वाटेल.

हे पत्र ठेवू नका.

रत्नाकर


पेरांबूर, मद्रास
३० सप्टेंबर १९६५

प्रिय रत्ना,

मी बोलतोय आणि सुनीती लिहिते आहे. उजवा हात पट्ट्यात आहे. घाबरायचं कारण नाही, थोडं लागलं आहे एवढंच.

(भाऊजी, ह्यांची दोन बोटं गेली. करंगळी आणि शेजारचं. हे तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी मधे घालते आहे. आरामखुर्चीत डोळे मिटून सांगताहेत, त्यांना वाटतंय मी त्यांचंच लिहिते आहे.)

लढाई थांबली असं रेडिओवर सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी झालं हे. पहारा चालूच होता. दुपारी बंदराच्या तोंडाबाहेर इंजिन बंद पडलं, नेहमीसारखं. फक्त त्या दिवशी वारा किनाऱ्याकडे होता आणि लाटा मोठ्या होत्या. नांगर टाकला, तो धरेना. चंद्रिका सरळ धक्क्याच्या दगडांकडे निघाली. आम्ही बांबू लावून तिला लोटत होतो. एकदा माझा हात बोट आणि दगड यांच्यात सापडला. मग टगबोट आली आणि आम्हाला ओढून नेलं. खलाशी सगळे सुखरूप. चंद्रिकेच्या कुशीतल्या दोन फळ्या फुटल्या. तू तासलेल्या होत्या त्या, म्हणून दोनच फुटल्या असं सुतार म्हणाला. दुसरी असती तर चुरा झाला असता.

आता तुला एक गोष्ट सांगतो, ती मी सुनीतीलाही सांगितली नव्हती. तुला आधी कळवलं नाही, कारण तुझी बदली रद्द करून आणतो असं मागे मी बोललो होतो आणि तोंडघशी पडलो होतो. तुला पुन्हा उगाच आशा लावायची नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी राजगोपालसाहेबांना म्हटलं, साहेब, मी नुसता सुकाणू धरणारा आहे. ही बोट खरी ज्यानं बांधली तो माणूस इटारसीला सडतोय. त्याला लहानपणापासून नौदलात यायचं होतं. तुम्ही रेल्वेकडून त्याला मागून घ्या. साहेब म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, इंजिनाचं दुखणं तुमच्या कुणाला सापडत नाही, तो इटारसीत बसून पत्रानं सांगेल. साहेब हसले आणि म्हणाले, त्याच्या सहीनं लिहून आण. औषध लागू पडलं तर त्याच दिवशी रेल्वेला तार करतो. गणवेश देतो, सहा महिने इथेच ठेवतो.

(भाऊजी, हे मी आत्ता, लिहिता लिहिताच ऐकते आहे. माझं पेन थांबलं. हे विचारतात, काय झालं? मी म्हटलं, बाळानं लाथ मारली.)

तू आलास की मी वर्कशॉपमध्ये परत जाणार होतो. सुनीतीचे दिवस भरत आले आहेत, मला घरी राहायला हवं, हे काय मला कळत नाही? पण बोट परक्याच्या हातात सोडवेना. तुझ्या हातात सोडून मी निर्धास्त झालो असतो. मनात सगळं ठरवलं होतं. तुला घ्यायला स्टेशनवर खलाशांनाच पाठवायचं, असंही राजगोपालसाहेबांना सांगून ठेवलं होतं.

तुझा कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि परत दिला. रागावले नाहीत, भले माणूस आहेत. आता चंद्रिका दुरुस्तीला चढवली आहे. तिच्यात नौदलाचं नवं इंजिन बसणार आणि त्यांचीच माणसं राहणार. बाहेरच्या कुणाला घेणार नाहीत असा निर्णय झाला. आपला संबंध संपला. त्याचं काही वाटत नाही, वस्तू आहे, आज आहे उद्या नाही.

पण रत्ना, तू विसरलास कसा? इतर कुणी असतं तर मी समजलो असतो. तुला इंजिन विसरायला झालं, हे काही माझ्या मनाला पटत नाही. तुझी तब्येत बरी आहे ना? खाणावळीतलं खाऊन काही दुखणं लागलं आहे का? डोकं वगैरे दुखतं का? तू कधी सांगणार नाहीस, म्हणून विचारतो. पट्टा सुटला की मी इटारसीला येतो आणि चार दिवस राहतो. आधीच यायला हवं होतं, माझंच चुकलं.

उमाकांत

(ह्यांनी न वाचताच डाव्या हातानं सही केली आहे ती अशी झाली आहे. तुमचं दुसरं पत्र आलं त्याच दिवशी मी ते चुलीत घातलं होतं. ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवशी सकाळी हे निघाले, तेव्हा नळीचं मला सगळं ठाऊक होतं. तोंडाशी आलं होतं. मी डबा भरून दिला आणि दार लावून घेतलं. मनात म्हटलं, अडू दे मेली, आणखी दोन दिवस अडली की हे कायमचे घरी येतील. आता आले आहेत. घास मी भरवते. माझ्या हातून खाताना म्हणतात, तुला फार त्रास होतो ना?

मला सांगायचं धैर्य नाही. हे सोडून जातील अशी भीती वाटते, आणि सोडलं नाही तर रोज माझ्याकडे कसे बघतील याची त्याहून वाटते. उत्तर ह्यांच्याच नावानं घाला. मधे मी नको. काय लिहायचं ते तुम्ही बघा, मी तुम्हाला शपथ घालणार नाही.)


इटारसी
४ ऑक्टोबर १९६५

प्रिय उमा,

माझी तब्येत उत्तम आहे. डोकं दुखत नाही. मी काही विसरलो नव्हतो.

नळी तापते. ओलं गोणपाट गुंडाळलं की झालं. दोन ओळींचं उत्तर होतं. मी ते लिहिलं नाही, मुद्दाम लिहिलं नाही. तुझ्या डोक्यावरची टोपी मला बघवत नव्हती, म्हणून. सही आणि हुद्दा तू मागितलास, तेव्हा मला वाटलं, माझ्या जिवावर मिरवायला मागतोयस. तू माझ्यासाठी मागत असशील हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तुझ्याबद्दल असं काही माझ्या मनात येतच नाही रे, इतकी वर्षं मी तुझा हेवा करत आलो. तू सुकाणूवर बसायचास तेव्हाही करत होतो. तू मला खाली इंजिनापाशी का ठेवतोस असं वाटायचं, आणि तू मात्र साहेबांना सांगत होतास की बोट रत्नाची आहे. हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

गणवेश मिळाला असता. मद्रास मिळालं असतं. ते जाऊ दे. तुझी बोटं माझ्यामुळे गेली. हे तू लपवलंस, पण वर्कशॉपमधल्या कृष्णकांतचं पत्र आलं, त्याच्याकडून कळलं. आता वर्कशॉपमध्ये कानस कशी धरशील, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

वहिनींनी तुझा निरोप शब्दाला शब्द लिहून पाठवला होता. "लवकर उत्तर पाठवा, ह्यांचा जीव टांगणीला लागला आहे," असं स्वतःच्या मनानंही घातलं होतं. तरी मी खोटं लिहिलं. तो कागद त्यांनी तुला दिला तेव्हा त्यात काय आहे आणि का आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना आजही ठाऊक नाही. मी एकट्यानं केलं आहे आणि ते माझ्या एकट्याच्या नावावर राहू दे.

तू इटारसीला येऊ नकोस. मी रजा मागितली नाही, नुसतं कळवून निघणार आहे, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. शुक्रवारी जी. टी. एक्स्प्रेस धरतो, रविवारी तुझ्या दारात येईन. घरात घ्यायचं की दारातूनच घालवायचं, ते तुझं तू ठरव. दोन्हीला मी तयार आहे. फक्त वहिनींना काही विचारत बसू नकोस, त्यांचे दिवस भरत आलेत.

रत्नाकर